घटका भरेपर्यंत

फेब्रुवारीची अखेर आली कीं शालान्त परीक्षा दाराशीं येऊन उभी राहते. अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर हें अधिकृत नांव धारण करणाऱ्या शहराच्या, कोणत्याहि सुशिक्षित घरांत अशा रात्रीं एकच दृश्य दिसतें. आंतल्या खोलींत दिवा लागलेला असतो, मेजावर पुस्तक उघडें असतें आणि पुस्तकापुढें मुलगा बसलेला असतो. आई दाराशीं दोनदां येऊन पाहून जाते. सायंकाळीं सातपासून मुलगा जागचा हललेला नाहीं, याचें तिला समाधान वाटतें. परंतु जें पान सातला उघडें होतें तेंच दहालाहि उघडें आहे, हें दारांतून दिसत नाहीं. मधल्या तीन तासांत डोळे ओळींवरून फिरले. मन मात्र कधीं क्रिकेटच्या मैदानावर, कधीं मित्राच्या निरोपांत, तर कधीं परीक्षेच्या भीतींत भटकत राहिलें.

यांत तीन तास फुकट गेले, एवढीच हानि असती तर ती भरून काढतां आली असती. खरी हानि पुढें आहे. अंथरुणाला पाठ टेकतांना तो मुलगा स्वतःशीं एक हिशेब मांडतो: इतका वेळ बसलों, तरी डोक्यांत कांहीं राहिलें नाहीं, तेव्हां डोकेंच हलकें असलें पाहिजे. हा हिशेब चुकीचा असतो, पण तो तपासून देणारें कोणी नसतें. आईबाप आणखी एक तास बसावयास सांगतात आणि चुकीच्या हिशेबांत आणखी एका तासाची भर पडते. अनेक मुलांची विद्या बुद्धीच्या अभावीं थांबत नाहीं. ती या चुकीच्या हिशेबापाशीं थांबते. म्हणून अभ्यासाला किती वेळ बसावें यापेक्षां कसें बसावें, कोठें थांबावें आणि पुन्हां केव्हां बसावें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास नगर जिल्ह्याइतकी योग्य भूमि क्वचितच सांपडेल. याच जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ते श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात. ती म्हणजे अवधान. धन नको, सेवा नको, एक वेळ मन इकडे द्या, एवढीच त्यांची मागणी आहे. मराठी माणसाला हा शब्द अपरिचित नाहीं. लग्नांत मंगलाष्टकांच्या शेवटीं जो ‘सावधान’ असा घोष होतो, त्याचाहि अर्थ अवधानासहित, लक्ष देऊन, असाच आहे. पण अवधान मागणें सोपें आहे. दिलेलें अवधान टिकविणें कठीण आहे. तें टिकविण्यास कांहीं तरी आधार लागतो.

तो आधार कशाचा असावा, याचें उत्तर नगरच्याच भुईकोट किल्ल्यांत सांपडतें. चांदबिबीनें १५९५-९६ मध्यें मोंगलांच्या वेढ्याविरुद्ध लढविलेला हा किल्ला. या किल्ल्यांत ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद आणून ठेवण्यांत आले. मुंबईस ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे ही धरपकड झाली. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा जण तेथें एकत्र आले. त्यांच्यावर खटला झाला नव्हता, शिक्षा सुनावली गेली नव्हती. त्यामुळें सुटकेची तारीखहि नव्हती. सामान्य कैद्याला निदान दिवस मोजतां येतात. येथें मोजावयाचें कशापर्यंत, हेंच ठाऊक नव्हतें.

जगांतील बहुतेक माणसें वेळ नाहीं म्हणून तक्रार करतात. या बारा जणांपुढें वेळ अमर्याद पसरला होता, आणि अमर्याद वेळ हा मनाचा मोठा शत्रु आहे. जें काम आज केलें नाहीं तरी चालतें तें उद्यां होत नाहीं. हातांत काम नसलेलें मन स्वतःलाच कुरतडूं लागतें. या शत्रूशीं त्यांनीं दिले ते झगडे वेगवेगळे होते, पण शस्त्र जवळजवळ एकच होतें. बाहेरून न मिळणारी मर्यादा त्यांनीं आंतून घालून घेतली. दिवसाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला काम नेमून दिलें.

नेहरूंनीं बागेचें काम हातीं घेतलें. जमीन वाईट होती, दगडगोट्यांनीं आणि जुन्या बांधकामांच्या अवशेषांनीं भरलेली. उन्हांत तासन्‌तास ती खणून त्यांनीं फुलांचे वाफे तयार केले. किल्ल्यांत येऊन वीस महिने लोटल्यावर, १३ एप्रिल १९४४ या दिवशीं, त्यांनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाच्या लेखनास आरंभ केला, आणि सप्टेंबरपर्यंतच्या पांच महिन्यांत हस्तलिखिताचीं सुमारें एक हजार पानें पुरीं झालीं. आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या अवघड ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी अनुवाद करण्यांत गढले. महताबांनीं ओरिसाचा इतिहास लिहिला. एक हजार पानें हा आकडा ऐकून सामान्य माणूस दबून जातो. पण पांच महिन्यांचे सुमारें दीडशें दिवस होतात, आणि दीडशें दिवसांनीं भागलें म्हणजे रोजचीं सहा-सात पानें उरतात. डोंगर तोच असतो. पायऱ्या केल्या म्हणजे चढतां येतो.

परंतु दिनचर्येचें खरें मोल मौलाना आझादांच्या उदाहरणांत कळतें. ते पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःच्या हातानें चहा करीत आणि त्या निःशब्द वेळीं आपल्या एका स्नेह्याला उद्देशून पत्रें लिहीत. हीं पत्रें तेव्हां टपालांत पडणार नव्हतीं. ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें तीं १९४६ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं आणि उर्दू गद्याचें एक लेणें ठरलीं. मौलाना वेळेच्या बाबतींत अत्यंत काटेकोर होते. एप्रिल १९४३ मध्यें त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास मरण पावल्या. आजाराच्या वार्ता किल्ल्यांत पोहोंचत होत्या, पण ज्या सरकारनें बंदिवासांत टाकलें त्याच्याकडे सवलतीची याचना करावयाची नाहीं, असा मौलानांचा निर्धार होता. त्या दिवसांविषयीं त्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं पहिला प्रयत्न करावा लागला तो ठरलेल्या दिनचर्येंत अंतर पडूं न देण्याचा. चहाच्या आणि जेवणाच्या वेळीं खोली सोडून सर्वांबरोबर जाऊन बसावयाचें, तें त्यांनीं चुकविलें नाहीं. बाह्यतः हा निश्चय पार पडला. अंतःकरणाला तो तितका साधला नसावा, हेंहि ते प्रांजळपणें सांगतात. दुःख नाहींसें करण्याची शक्ति घड्याळांत नाहीं. पण दुःखाच्या पुरांत पाय टेकण्यापुरती एखादी पायरी तें देतें, आणि त्या पायरीवर उभा राहून माणूस पुढला दिवस गांठतो.

आतां किल्ल्यांतून घराकडे वळावें. विद्यार्थ्यानें आपल्या अभ्यासाला मर्यादा घालावयाची ती किती वेळाची? आपल्या पूर्वजांनीं एक माप करून ठेवलें आहे. तांब्याची एक लहान अर्धगोल वाटी, तिच्या तळाशीं सुईच्या अग्रासारखें छिद्र. ही वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तरंगत सोडावयाची. छिद्रांतून पाणी हळूहळू आंत शिरतें आणि वाटी भरली कीं बुडते. हें घटिकापात्र. तें भरण्यास लागणारा काळ म्हणजे एक घटका. आजच्या हिशेबानें बरोबर चोवीस मिनिटें. अडीच घटकांचा एक तास आणि साठ घटकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं भटजी या पात्राकडे डोळा लावून बसत. ‘घटका भरली’, ‘घटकाभर बसा’, ‘घटकेंत होईल’ हे आपले वाक्प्रचार त्याच वाटींतून आले, आणि ‘घडी’ व ‘घड्याळ’ हे शब्दहि त्याच कुळांतले आहेत.

गमतीची गोष्ट अशी कीं दूरच्या इटली देशांतील एक विद्यार्थी अगदीं स्वतंत्रपणें जवळजवळ याच मापाशीं येऊन पोहोंचला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याचें अभ्यासांत मन लागेना. त्यानें स्वतःशींच पैज मारली कीं निदान दहा मिनिटें तरी खरोखर अभ्यास करून दाखवावयाचा. वेळ मोजण्यासाठीं त्यानें स्वयंपाकघरांतील टोमॅटोच्या आकाराचें घंटेचें घड्याळ घेतलें. ती पैज कांहीं त्याला लागलीच जिंकतां आली नाहीं. पुढें प्रयोगान्तीं त्यानें पंचवीस मिनिटांचें काम आणि पांच मिनिटांची विश्रांति असा क्रम बसविला, आणि टोमॅटोला इटालियन भाषेंत जें नांव आहे त्यावरून ही रीत ‘पोमोदोरो’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आपली घटका आणि त्याचा टोमॅटो यांत अवघ्या एका मिनिटाचें अंतर आहे.

या मापांत कांहीं जादू आहे असें कोणीं समजूं नये. पण त्यामागील तत्त्वाला शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडमधील नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाचा १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. युद्धकाळांत रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे सैनिक कांहीं वेळानें खुणा चुकवूं लागत. त्याचें कारण शोधावयाचें होतें. त्यानें माणसांना एका तबकडीपुढें बसविलें. तबकडीवरील कांटा सारख्या उड्या मारीत फिरे आणि क्वचित् एखादी दुप्पट उडी घेई. ती दिसतांच कळ दाबावयाची, एवढेंच काम. दोन तासांच्या या पहाऱ्यांत पहिला अर्धा तास उलटतांच चुका वाढलेल्या आढळल्या. मधून मधून अर्ध्या तासाची विश्रांति दिली असतां मात्र अशी घसरण होत नसे. पहारा आणि अभ्यास एक नव्हेत, हें खरें. तरी पण एकाच गोष्टीवर खिळलेलें लक्ष किती लवकर सैल पडतें, याची त्यावरून कल्पना येते.

दुसरा प्रयोग त्याहून जुना आहे. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यानें निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ करून स्मरणशक्तीचा अभ्यास केला आणि १८८५ मध्यें तो प्रसिद्ध केला. एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां उजळणी करून जेवढा लाभ झाला, तेवढाच लाभ तीन दिवसांवर वांटलेल्या अवघ्या ३८ उजळण्यांनीं त्याला झाला. म्हणजे श्रम जवळजवळ निम्मे आणि फळ तेंच. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खोलींत हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावे इतके बोलके आहेत.

मग घरांत ही रीत कशी चालवावी? प्रथम, घटका सुरू करण्यापूर्वीं काम नेमकें ठरवावें. ‘इतिहास करावयाचा’ हें काम नव्हे. ‘दुसऱ्या धड्यांतील चार कारणें वाचून, पुस्तक मिटून, वहींत लिहून काढावयाचीं’ हें काम होय. घटकेची अखेरचीं पांच मिनिटें पुस्तक मिटण्यासाठींच राखावीं; कारण पुढें उघडें पुस्तक असतां सर्वच येतें असें वाटतें, मिटल्यावर खरी जमा कळते. दुसरी गोष्ट, शेजारीं एक कोरा कागद ठेवावा. अभ्यासाच्या मध्यें कोणाला निरोप द्यावयाचा आठवला, कांहीं आणावयाचें आठवलें, तर तें त्या कागदावर एका शब्दांत टिपावें आणि पुन्हां ओळीवर यावें. आठवणीला बसावयास जागा मिळाली कीं ती मुकाट्यानें बाजूला होते.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. घटका भरली कीं धडा रंगांत आला असला तरी उठावें. अंगणांत दोन फेऱ्या माराव्या, पाणी प्यावें, दूरच्या झाडाकडे किंवा आकाशाकडे पहावें. पांच मिनिटांनीं परतावें. अशा चार घटका झाल्या कीं अर्ध्या तासाची मोठी सुट्टी घ्यावी. शाळेंत प्रत्येक तासाला घंटा होते आणि मधली सुट्टी होते, तीच व्यवस्था घरीं आणावयाची आहे. पण या विश्रांतींत हातांत फोन घेऊं नये. फोन हा विश्रांति देत नाहीं. तो मनाला दुसऱ्या कामाला जुंपतो, आणि पांच मिनिटांचीं पंचवीस केव्हां होतात हें कळतहि नाहीं. याच कारणास्तव वेळ मोजण्याचें कामहि त्याच्याकडे सोंपवूं नये. स्वयंपाकघरांतील साधें घंटेचें घड्याळ पुरेसें आहे. फोन त्या वेळीं दुसऱ्या खोलींत असावा, आणि आईबापांनींहि आपला फोन त्याच्या शेजारीं ठेवला तर उपदेशाची गरज राहणार नाहीं.

चौथी गोष्ट, आरंभ लहान असावा. पहिल्या दिवशीं दोन घटका खऱ्या झाल्या तरी पुष्कळ. एकेक भरलेली घटका वहीच्या कडेला एका उभ्या रेघेनें नोंदवावी. आठवड्याच्या अखेरीस त्या रेघा मोजल्या म्हणजे प्रारंभीं सांगितलेला चुकीचा हिशेब आपोआप दुरुस्त होतो. तीन तास बसून कांहीं झालें नाहीं असें म्हणण्याऐवजीं, पांच घटका झाल्या आणि पांच कामें झालीं, असें मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें.

या रीतीविरुद्ध आक्षेपहि आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या सकाळीं ती पुरी केली. त्या पांच दिवसांत घटकेची वाटी बुडली असती तरी तिकडे कोणीं पाहिलें असतें? भरतीच्या वेळीं बांध घालूं नये, हें खरेंच. गणिताचें एखादें उदाहरण सुटण्याच्या बेतांत असेल तर घंटेसाठीं तें मोडूं नये. वाटी पुन्हां पाण्यावर ठेवावी. पण भरती रोज येत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं मंडालेस ‘गीतारहस्य’ लिहिलें तें २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पांच महिन्यांत. मात्र त्यामागें कित्येक वर्षांचें वाचन आणि मनन होतें. भरतीचें पाणी दिसतें, त्याआधींचे झरे दिसत नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरांत एकच खोली आहे, जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें घटका पाळावयाची कशी? पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचीं मुलें वर्षाचे कित्येक महिने शाळेपासून दूर असतात. त्यांना नियमित दिनचर्येचें प्रवचन ऐकविणें ही क्रूर थट्टा होईल. त्यांचा प्रश्न घड्याळानें सुटणारा नाहीं. मात्र एवढें खरें कीं ज्याला सलग तीन तास कधींच मिळावयाचे नाहींत, त्याला चोवीस मिनिटें केव्हां तरी मिळतील; आणि तेवढ्यांत कांहीं साधतें हा विश्वास त्याच्यापाशीं असणें, हें श्रीमंताच्या मुलापेक्षां त्यालाच अधिक उपयोगाचें आहे.

आणि सुखवस्तु घरांतहि एक अन्याय चालतो, तो मुलींवर. मुलगा पुस्तक घेऊन बसला कीं घर हलक्या पावलांनीं वावरतें. मुलगी बसली कीं पाहुण्यांसाठीं चहा टाकावयास तिलाच हांक येते, धाकट्याला घ्यावयास तिलाच उठावें लागतें. तिच्या दिवसाचे तुकडे इतके बारीक होतात कीं एकहि घटका पुरी भरत नाहीं. मग गुण कमी पडले म्हणजे तिचें डोकें अभ्यासांत नाहीं, असा निकाल तेंच घर देतें. ज्या जिल्ह्यांतील चोंडी गांवीं १७२५ मध्यें अहिल्याबाई जन्मल्या, त्या जिल्ह्यानें तरी हा निकाल तपासून पाहावा. घड्याळ मेजावर ठेवणें हें मुलीचें काम आहे. घंटा होईपर्यंत तिला हांक न मारणें हें घराचें काम आहे. दुसरें पाळलें गेलें नाहीं तर पहिलें व्यर्थ आहे.

घटिकापात्राचा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तें भरून बुडालें म्हणजे कोणी हळहळत नसे. हात घालून तें वर काढीत, रितें करीत आणि पुन्हां पाण्यावर सोडीत. अवधानाचेंहि तसेंच आहे. तें ढळलें म्हणून स्वतःला बोल लावण्यांत वेळ घालवूं नये. रितें करून पुन्हां सोडावें. आंतल्या खोलींत दहा वाजेपर्यंत एकाच पानापुढें बसलेल्या त्या मुलाला उद्यां सायंकाळीं कोणीं तरी एवढेंच सांगावें कीं, बाळ, तीन तास नकोत. एक घटका पुरे. ती भरली कीं ऊठ, अंगणांत ये, आणि काय वाचलेंस तें मला सांग. आईनें तेव्हां हातांतलें काम बाजूला ठेवून तें ऐकावें. त्या रात्रीं अंथरुणावर पडतांना मुलाचा हिशेब निराळा येईल.